मादक पदार्थांची पाहणी आणि प्रश्नाची भाषा

भांग, गांजा व चरस ही तीन नावे एकाच वनस्पतीपासून मिळणाऱ्या पदार्थांची होत. भांग पानांची, गांजा फुलोऱ्याचा आणि चरस राळेचा. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानेही फुलोऱ्यावाचूनची पाने गांजाच्या व्याख्येतून वगळली आहेत. तेव्हा महाशिवरात्रीस भांग घेणाऱ्या गृहस्थास ‘आपण अमली पदार्थांचे सेवन करता काय?’ असे विचारल्यास तो ‘नाही’ म्हणेल, आणि त्यात त्याने असत्य भाषण केले असे म्हणता यावयाचे नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी भांग घेणारे सुमारे २ टक्के व गांजा-चरस घेणारे १.२ टक्के असे स्वतंत्र आकडे आहेत. एकत्रित प्रमाण मात्र २.८ टक्के आहे. काही व्यक्ती दोन्ही घेतात, म्हणून ही तफावत. पदार्थ नावानिशी विचारले नसते, तर भांग घेणाऱ्यांचा मोठा भाग या गणनेतून निसटला असता.

नावाइतकेच महत्त्व क्रियापदास आहे. मराठीत तंबाखू खातात, विडी ओढतात, दारू पितात आणि मिश्री लावतात. मिश्री ही भाजलेली तंबाखूच. परंतु ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई ‘नाही’ असेच उत्तर देणार, कारण तिच्या लेखी ते दात घासणे आहे. २००९-१० व २०१६-१७ मध्ये भारतात झालेल्या प्रौढांच्या तंबाखूविषयक पाहण्यांत असे पदार्थ वेगळे विचारले गेले, ते योग्यच झाले. ‘सेवन करणे’ हे क्रियापद सर्वांना लागू पडते खरे. पण ते कोणाच्याही घरात बोलले जात नाही.

काळाचीही गोष्ट तीच. ‘दारू पिता का?’ यातील वर्तमानकाळ हा रीतिवर्तमान होय. वर्षातून दोनदा लग्नकार्यात पिणारा त्यातून स्वतःस वगळतो. यासाठी ‘आजवर कधी’, ‘गेल्या १२ महिन्यांत’ आणि ‘गेल्या ३० दिवसांत’ असे तीन प्रश्न वेगळे करण्याचा प्रघात आहे. ‘नशा’ आणि ‘व्यसन’ हे शब्द तर प्रश्नावलीत येऊच नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यांत प्रश्नाबरोबर निवाडाही दिलेला असतो.

शब्द निर्दोष असले, तरी भीती व लाज उरतेच. शेजारी सासू बसली असता सून काय उत्तर देणार? २०१९ च्या अहवालात मद्य घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के व स्त्रियांचे १.६ टक्के आहे. या अंतरापैकी आचरणाचे किती व संकोचाचे किती, हे त्या आकड्यांवरून उलगडत नाही. या अडचणीवर स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये एक युक्ती सुचविली. तिचा एक सुलभ प्रकार असा : उत्तर देणाऱ्याने आपले नाणे गुप्तपणे उडवावे, छाप पडल्यास काहीही असो, ‘होय’ म्हणावे, काटा पडल्यास खरे सांगावे. १,००० जणांपैकी ५६० ‘होय’ म्हणाले असे समजा. त्यातील सुमारे ५०० नाण्यामुळे आले. उरलेल्या ५०० जणांत खरे ‘होय’ ६०, म्हणजे १२ टक्के. कोणा एकाचे ‘होय’ कशाचे, हे प्रश्नकर्त्यास कळत नाही. मात्र या संरक्षणाची किंमत पडते : या उदाहरणात थेट प्रश्नाइतका नेमकेपणा साधण्यास सुमारे नऊपट माणसे विचारावी लागतील.

उलट, बढाईपोटी ‘होय’ म्हणणारेही असतात, विशेषतः शाळकरी मुले. युरोपात १९९५ पासून चालत असलेल्या शालेय पाहणीत ‘रेलेव्हिन’ नावाचे, अस्तित्वातच नसलेले एक औषध यादीत घालण्यात आले. ते घेतल्याचे सांगणाऱ्याच्या अन्य उत्तरांकडे संशयानेच पाहावे लागते. हजारात पाच जणच घेत असलेल्या पदार्थाबाबत दहा जणांनी खोटे ‘होय’ म्हटले, तर आकडा तिप्पट होतो.

विचारण्याची रीत बदलली की आकडेही बदलतात. अमेरिकेतील १९७१ पासूनच्या घरोघर पाहणीत १९९९ मध्ये संगणक आला आणि २००२ मध्ये उत्तरदात्यास ३० डॉलर देणे सुरू झाले. परिणामी २००२ पूर्वीच्या आकड्यांशी नंतरच्या आकड्यांची तुलना करीत नाहीत.

आणि ज्यांना विचारलेच नाही, त्यांचे काय? भारताच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतील घरोघरची गणना केवळ पुरुषांची होती. पदपथावर राहणारा, तुरुंगात असलेला वा घराबाहेर काढलेला मनुष्य कोणत्याही घरोघरच्या पाहणीत सापडत नाही, आणि हेरॉईन टोचून घेणारे पुष्कळदा त्यांतलेच असतात. म्हणून २०१९ च्या अहवालासाठी २,००,१११ घरांखेरीज १३५ जिल्ह्यांत ७२,६४२ मादक पदार्थ घेणाऱ्यांना ओळखीच्या साखळीने गाठण्यात आले. त्यातील गणित साधे आहे. एखाद्या शहरात उपचारकेंद्राच्या नोंदवहीत वर्षभरात २०० नावे आहेत, आणि साखळीने भेटलेल्यांपैकी १० टक्के लोक ‘मी त्या वर्षी तेथे गेलो होतो’ असे सांगतात, असे धरा; तर शहरातील एकूण संख्या सुमारे २,००० ठरते. त्या १० टक्क्यांच्या जागी ५ आले, तर ४,०००. ‘तेथे गेलो होतो’ याचा अर्थ नाव नोंदविले असा, की नुसते दारापर्यंत जाऊन परतलो असा, यावर हा फरक पडू शकतो. आणि त्या शहरात उपचाराच्या खाटा किती मागावयाच्या, हे याच आकड्यावरून ठरते.