मंडळीचा पुढारी : गुणांची यादी आणि तिचे साक्षीदार

आजचा विषय आहे ख्रिस्ती मंडळीच्या पुढाऱ्याचं चारित्र्य. त्याला पाळक म्हणा, फादर म्हणा, बिशप म्हणा. नव्या करारातलं तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र काढा, अध्याय ३. परंपरेने हे पत्र पौलाचं मानतात. तीमथ्य इफिस शहरात आहे आणि मंडळीवर देखरेख कोणाकडे सोपवावी हे त्याला सांगायचं आहे. मराठी शास्त्रात या पदाला ‘अध्यक्ष’ म्हटलंय. मूळ ग्रीक शब्द एपिस्कोपॉस, म्हणजे देखरेख करणारा. ‘बिशप’ हा शब्द त्यातूनच आला.

आता यादी बघा. माणूस संयमी असावा, पाहुणचार करणारा असावा, भांडखोर किंवा मारकुटा नसावा, पैशाचा लोभी नसावा, घर नीट सांभाळणारा असावा. अशा पंधरा-एक गोष्टी आहेत. त्यांत कौशल्य म्हणावं असं ठळक एकच : शिकवता आलं पाहिजे. बाकी बहुतेक सगळा स्वभाव. आणि आपण पाळक शोधतो तेव्हा पहिला प्रश्न कोणता विचारतो? ‘संदेश कसा देतात?’

त्या काळच्या ग्रीक वाचकाला ही यादी ओळखीची वाटली असती. पहिल्याच शतकातल्या ओनासांडर या लेखकाने सेनापती कसा निवडावा ते लिहिलंय. तोही संयम, निर्लोभीपणा, चांगला नावलौकिक मागतो. सेनापती शक्यतो मुलाबाळांचा बाप असावा म्हणतो. म्हणजे कुठल्याही जबाबदार माणसाकडून जे अपेक्षित होतं, ते इथे किमान हवंच. पण पत्रात आणखी काही आहे : सौम्यपणा, पाहुणचार, आणि माणूस विश्वासात नवखा नसावा, कारण नवखा गर्वाने फुगतो.

हे का, ते मंडळीच्या रोजच्या व्यवहारात दिसतं. मंडळी घराघरांत भरायची. म्हणून घर आणि पाहुणचार या खाजगी बाबी नव्हत्या. निराधार विधवांना मंडळी सांभाळायची. याच पत्राच्या अध्याय ५ मध्ये त्यांच्या यादीसाठी ६० वर्षं वयाची अट आहे. पुढारी लोभी असेल तर भुकेली कोण राहणार? ती विधवा. तो रागीट असेल तर मार कोण खाणार? जो उलट बोलू शकत नाही तो. म्हणजे हे गुण त्याच्या अंगावरचे दागिने नव्हेत, दुबळ्यांभोवतीचं कुंपण आहे.

मग हे गुण तपासायचे कोणी? यादीतच साक्षीदार दिसतात : घरची माणसं, दारात आलेला पाहुणा आणि मंडळीबाहेरचे लोक. व्यासपीठावरचा माणूस त्यांना व्यासपीठाशिवाय दिसतो. मराठी वाचकाला याचं उदाहरण लांब शोधायला नको. रेव्हरंड ना. वा. टिळकांची थोरवी आपण त्यांच्या कवितेतून ओळखतो; त्यांचा रागीटपणा आणि घरातलं देऊन टाकणारं औदार्य, दोन्ही आपल्याला लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तून कळतं. घरची साक्ष अशी असते. ती माणसाला लहान करत नाही, खरा करते.

आता तुम्ही म्हणाल, ‘सर, बाप्तिस्मा देणारा वाईट निघाला तर बाप्तिस्मा खोटा का?’ हा वाद चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत पेटला होता. छळाच्या काळात पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हाती देणाऱ्यांकडून झालेले संस्कार दोनातवादी मानेनात. ऑगस्टीनचं उत्तर होतं : बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नाही. उत्तर योग्य आहे, पण त्याने आधार मिळतो तो बाप्तिस्मा घेणाऱ्याला. पुढाऱ्याला सूट मिळत नाही. ‘देव त्यांना वापरतोय ना, मग हिशेब कशाला मागता?’ असं कोणी म्हणालं, तर या दोन गोष्टींची गल्लत होतेय असं समजा.

पत्र पुढाऱ्यावरही अन्याय करत नाही. त्याच्यावरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये म्हणतं. पण पाप करत राहिला तर सर्वांसमोर कानउघाडणी करा म्हणतं. अफवेला थारा नाही आणि झाकपाकीलाही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी निवड करताना संदेश जरूर ऐका. पण आधी त्यांच्याकडे काम करणाऱ्या माणसाला विचारा, शेजाऱ्याला विचारा. आणि घरची माणसं बोलायला घाबरत असतील, तर तेही एक उत्तरच आहे.