विश्लेषण : स्वस्त मल्टिमीटरवरचे ‘१००० व्होल्ट’ किती भरवशाचे?

वायरमनच्या पिशवीत, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आणि शेतातल्या मोटारीच्या खोलीत हमखास दिसणारे दोन-तीनशे रुपयांचे पिवळे डिजिटल मल्टिमीटर आता सौर कृषी पंप आणि छतावरील सौर पॅनेलच्या जोडण्यांपर्यंत पोहोचले आहे. काल १२ व्होल्टची बॅटरी तपासणारे मीटर आज कित्येक शे व्होल्टला लावले जाते. त्याच्या डायलवर ‘१०००’ छापलेले असते, त्यामुळे लावणाऱ्यालाही काही वावगे वाटत नाही. पण हे मीटर तेवढा दाब खरोखर सोसते का? आणि नाही सोसले, तर फक्त मीटर जाते की हातही?

डायलवरचा १००० हा आकडा काय सांगतो?

या स्वस्त मीटरांचा सर्वाधिक परिचित नमुना म्हणजे डीटी-८३० मालिका. त्यांच्या पोटात इंटरसिल कंपनीच्या ७१०६ या जुन्या चिपच्या धर्तीवरची चिप असते. मीटर उघडले, की पाटीवर काळ्या डांबरासारखा गोळा दिसतो, त्याखाली ती असते. ही चिप स्वतः जेमतेम २०० मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा पाचवा भाग, मोजू शकते. त्याहून मोठा दाब रोधकांच्या साखळीने विभागून, त्याचा लहानसा हिस्सा चिपपुढे ठेवला जातो. १००० व्होल्टच्या पट्टीवर चिपला प्रत्यक्षात दहा हजारावा भाग, म्हणजे ०.१ व्होल्ट दिसतो.

थोडक्यात, डायलवरचा १००० हा मोजमापाच्या पट्टीचा शेवट आहे. आकडा तिथवर बरोबर येईल, एवढेच तो सांगतो. त्या दाबाखाली अचानक झटका आला तर मीटरचे काय होईल, याबद्दल तो काहीच सांगत नाही. अशा मीटरांवर डीसीसाठी १००० आणि एसीसाठी ७५० असे दोन आकडे असतात, त्याचे कारणही साधे आहे. एसीचा सांगितला जाणारा दाब हा परिणामी दाब असतो, त्याचे शिखर सुमारे १.४ पट उंच असते. घरातल्या २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्टवर जाते, तर ७५० व्होल्ट एसीचे शिखर १०६० व्होल्टवर.

मीटर आतून कशाने निकामी होते?

पहिला मार ही रोधकांची साखळी खाते. अनेक स्वस्त मीटरांत तिचा एकूण रोध १० लाख ओहम असतो, दर्जेदार मीटरांत तो एक कोटी ओहमच्या घरात असतो. दहा लाख ओहमवर १००० व्होल्ट लावले, की एक वॉट उष्णता तयार होते. एक कोटी ओहमवर तीच ०.१ वॉट असते. पाव वॉटच्या इवल्याशा रोधकांना एक वॉट वाटून घेणे जड जाते. शिवाय पाव वॉटचा साधा रोधक साधारण २५० व्होल्टपर्यंत वापरायचा असतो. त्याच्यावर त्याच्या दुप्पट दाब वारंवार पडला, की त्याचे मूल्य हळूहळू सरकते. मीटर बंद पडत नाही, पण खोटे बोलू लागते. बंद मीटरपेक्षा हे अधिक घातक.

दुसरी जागा पाटीवरचे तांब्याचे पट्टे. दोन पट्ट्यांतले अंतर कमी असेल आणि मध्ये सोल्डरिंगच्या राळेचा थर, धूळ किंवा ओल साचली असेल, तर वीज त्या वाटेने सरकू लागते. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात किंवा विहिरीवरच्या दमट खोलीत ठेवलेल्या मीटरला हा त्रास जास्त. चांगल्या मीटरमध्ये उच्च दाबाच्या पट्ट्यांमध्ये पाटीलाच खाच पाडलेली असते, ती याचसाठी.

तिसरी जागा फिरवायचा स्विच. वायर जोडलेल्या असतानाच बटण फिरवून पट्टी बदलायची सवय अनेकांना असते. त्या क्षणी स्विचच्या संपर्कांत ठिणगी पडते आणि प्रवास रोध मोजण्याच्या पट्टीवरून झाला, तर तिथला नाजूक भाग एका झटक्यात जातो. चौथी जागा म्हणजे सोबत मिळणाऱ्या तारा. पातळ आवरण, आत मोजके तांबे आणि ओढल्या की मुळाशी तुटणारे जोड. मीटरआधी बहुधा याच दगा देतात आणि त्या थेट बोटांत असतात.

दाब महत्त्वाचा की त्यामागची ताकद?

शेताभोवती रानडुकरांसाठी लावलेल्या ‘झटका मशीन’चे उदाहरण बोलके आहे. तिच्या तारेत काही हजार व्होल्टचे ठोके साधारण सेकंदाला एक या गतीने जातात. तार चालू आहे का हे पाहायला कुणी साधे मल्टिमीटर लावले, तर आकडा नुसता उड्या मारतो, कारण एकेक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकतो. मीटर मात्र तेवढ्यातही जाऊ शकते. तरीही प्रमाणित यंत्राच्या ठोक्यामागची ऊर्जा मोजकी असल्याने मीटर धरणाऱ्याच्या हातात स्फोट होत नाही. अशा तारेसाठी वेगळा टेस्टर मिळतो, तोच वापरावा.

याउलट डीपीखालच्या पेटीतले ४१५ व्होल्ट. आकडा झटका मशीनच्या मानाने किरकोळ, पण मागे अख्खे रोहित्र उभे. तिथे मीटरच्या आत शॉर्ट झाले, तर हजारो अ‍ॅम्पिअर प्रवाह वाहू शकतो. तांबे वितळून वाफ होते, त्या वाफेतूनच वीज वाहत राहते आणि प्लास्टिकची पेटी फुटते. म्हणून ‘माझे मीटर ४१५ व्होल्टला वर्षानुवर्षे चालते’ हा अनुभव फारसा पुरावा ठरत नाही. शांत लाइनवर ते चालतेच. प्रश्न असतो तो मोठी मोटर बंद होताना, शेजारच्या फीडरवर बिघाड झाल्यावर किंवा दूर वीज कोसळल्यावर लाइनवर येणाऱ्या हजारो व्होल्टच्या क्षणिक झटक्याचा.

‘कॅट’ म्हणजे काय?

हाच धोका मोजण्यासाठी आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकाने जागेनुसार श्रेणी ठरवल्या आहेत. भिंतीतल्या सॉकेटला लावलेली उपकरणे ‘कॅट दोन’मध्ये येतात. इमारतीची पक्की वायरिंग, वितरण पेटी, मोटारीचा पॅनेल हे ‘कॅट तीन’मध्ये. बाहेरून येणारी सर्व्हिस वायर, वीज कंपनीचे मीटर आणि डीपीकडची बाजू ‘कॅट चार’मध्ये. जितके रोहित्राजवळ जाल तितकी श्रेणी वरची.

इथे एक गमतीशीर, पण महत्त्वाची गोष्ट आहे. ‘कॅट दोन १००० व्होल्ट’ आणि ‘कॅट तीन ६०० व्होल्ट’ या दोन्ही मीटरांना चाचणीत ६००० व्होल्टचा क्षणिक झटका सोसावा लागतो. मात्र पहिल्या चाचणीत झटका देणाऱ्या स्रोताचा रोध १२ ओहम असतो, दुसऱ्या चाचणीत फक्त २ ओहम. म्हणजे पहिल्यात ५०० अ‍ॅम्पिअर, तर दुसऱ्यात ३००० अ‍ॅम्पिअरपर्यंत प्रवाह जाऊ शकतो. मोठा आकडा छापलेले मीटर जास्त दणकट, हा समज इथेच कोसळतो. ‘कॅट तीन १००० व्होल्ट’साठी हा झटका ८००० व्होल्टचा असतो.

तो सोसण्यासाठी मीटरच्या तोंडाशीच झटका शोषणारे व्हेरिस्टर, तापताच रोध वाढवणारे थर्मिस्टर आणि जाड रोधक बसवावे लागतात. स्वस्त मीटरमध्ये नेमके हेच भाग वगळलेले असतात. काही वेळा पाटीवर त्यांची जागा रिकामी दिसते आणि वर मात्र ‘कॅट तीन’ छापलेले असते.

मीटर हातात फुटण्याचा नेहमीचा मार्ग कोणता?

उत्तर आहे, लाल तार चुकीच्या भोकात राहणे. करंट मोजून झाल्यावर तार ‘१० अ‍ॅम्पिअर’च्या भोकातच राहते आणि पुढच्या वेळी तेच मीटर दाब मोजायला दोन फेजांवर लावले जाते. करंट मोजताना मीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो, म्हणजे आपण लाइनवर चक्क तारेचा तुकडा टेकवतो. अनेक स्वस्त मीटरांवर या भोकाशेजारी इंग्रजीत ‘फ्यूज नाही’ असे बारीक अक्षरात लिहिलेलेही असते.

फ्यूज असला तरी तो कोणता हे महत्त्वाचे. काचेचा छोटा फ्यूज सहसा २५० व्होल्टचा असतो आणि त्याच्या सर्वसाधारण प्रकाराची प्रवाह तोडण्याची क्षमता ३५ अ‍ॅम्पिअर किंवा स्वतःच्या क्षमतेच्या दहापट, यांपैकी जे जास्त असेल ते. हजारो अ‍ॅम्पिअरपुढे त्याची तार वितळते, पण काचेच्या आतून ठिणगी चालूच राहते. दर्जेदार मीटरमध्ये वाळू भरलेला सिरॅमिकचा फ्यूज असतो. १००० व्होल्टचे असे फ्यूज २० हजार अ‍ॅम्पिअरपर्यंतचा प्रवाह तोडतात. ते महाग असतात, कधी कधी एका फ्यूजच्या किमतीत स्वस्त मीटर येते. तो उडाल्यावर त्या जागी काचेचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा बसवला, तर महागडे मीटरही स्वस्त मीटरच्या पंगतीला बसते.

सौर यंत्रणेत धोका वेगळा का?

एका पॅनेलचा खुला दाब साधारण ४० ते ५० व्होल्ट. अशी २० पॅनेल एका माळेत जोडली, की ८०० ते १००० व्होल्ट होतात. त्यात थंडीत पॅनेलचा दाब वाढतो, अंशामागे साधारण ०.३ टक्के. २५ अंशांना ९८० व्होल्ट देणारी माळ निफाडच्या थंडीत, कोवळ्या उन्हात १००० व्होल्टच्या वर सहज जाते. स्वस्त मीटरची पट्टी तिथे संपलेली असते.

दुसरे म्हणजे डीसीची ठिणगी. आपल्याकडचा एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. माळेतून शॉर्ट झाल्यावरही साधारण १०-१५ अ‍ॅम्पिअरच वाहतात, म्हणून चुकून १० अ‍ॅम्पिअरच्या भोकात तार ठेवून मीटर लावले, तर ते लगेच फुटत नाही. घाबरून तार उचलली, की मात्र टोकाशी कित्येक शे व्होल्टची ठिणगी ओढली जाते आणि ती विझत नाही. अनेक माळा समांतर जोडलेल्या असतील, तर प्रवाहही वाढतो. इन्व्हर्टर बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटर काही काळ भरलेले राहतात. पेटीवर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा लागतो.

तिसरा धोका खोट्या शून्याचा. डीसीच्या पट्टीवर एसी लाइन मोजली, की स्वस्त मीटर शून्याच्या आसपास आकडा दाखवते. ‘लाइन मेली आहे’ असे समजून हात घातला जातो.

१००० व्होल्टच्या वर काय?

मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्या मॅग्नेट्रॉनला सुमारे ४००० व्होल्ट मिळतात आणि त्यामागे ताकदही जीव घेण्याइतकी असते. तिथे साधे मल्टिमीटर लावायचेच नाही, मीटर कोणत्याही कंपनीचे असो. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवरील २०-२५ हजार व्होल्टसाठी वेगळा उच्च दाबाचा प्रोब असतो. तो बहुधा एक कोटी ओहमच्या मीटरसाठी बनवलेला असतो. दहा लाख ओहमच्या स्वस्त मीटरला जोडला, तर २० हजार व्होल्ट असताना आकडा जवळपास निम्माच येतो. असे प्रोब कमी ऊर्जेच्या उपकरणांसाठी असतात. ११ केव्हीच्या वीजवाहिनीशी त्यांचा काही संबंध नाही.

मग स्वस्त मीटर टाकून द्यायचे का?

गरज नाही. गाडीची बॅटरी, इन्व्हर्टरची बॅटरी, चार्जर, सुटा सेल, तुटलेली वायर शोधणे, या कामांना ते उत्तम आणि तिथे वर्षानुवर्षे टिकते. भिंतीत भिडवलेल्या प्रत्येक पेटीसाठी, तीन फेजच्या स्टार्टरसाठी आणि सौर माळेसाठी मात्र त्या जागेच्या श्रेणीचे मीटर हवे. ‘सीई’ हे चिन्ह सहसा उत्पादक स्वतःच जाहीर करतो. यूएल, सीएसए, टीयूव्ही यांसारख्या स्वतंत्र संस्थेचे चिन्ह असेल तर छापलेल्या श्रेणीला आधार मिळतो. मीटर कॅट तीनचे आणि तारा कॅट दोनच्या, असेही चालत नाही. कॅट तीन आणि चारच्या प्रोबचे उघडे टोक चार मिलिमीटरहून मोठे नसते, हे नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येते.

कामाची पद्धतही तितकीच महत्त्वाची. आधी चालू असलेल्या ठिकाणी मीटर लावून आकडा येतो का पाहायचे, मग बंद केलेली लाइन मोजायची, मग पुन्हा चालू ठिकाणी लावून मीटर मधल्या काळात मेले नाही ना, याची खात्री करायची. दोन मिनिटांचे काम आहे. लाइनवर हात घालण्यापूर्वी ‘शून्य’ हा आकडा लाइनचा आहे की मीटरचा, हे ठरवण्याचा दुसरा मार्ग नाही.