बॉनेट म्हणजे धुराडं नव्हे

शेव्हरोले कॉर्व्हेटची सातवी पिढी जानेवारी 2013 मध्ये डेट्रॉइटला लोकांसमोर आली, तेव्हा तिच्या बॉनेटच्या मधोमध एक रुंद खाच होती. खाचेत काळ्या तिरप्या पट्ट्या होत्या आणि त्यांची तोंडं मागे, चालकाकडे वळलेली होती. कॉर्व्हेटचा अधिकृत इतिहास कुठेही वाचायला मिळतो. 1953 मध्ये सुरुवात, 1981 पासून केंटकीतल्या बोलिंग ग्रीनचा कारखाना, आणि या सातव्या पिढीत 6.2 लिटरचं, 455 अश्वशक्तीचं व्ही-8 इंजिन. मला त्या सगळ्यापेक्षा ती खाच महत्त्वाची वाटते, आणि खाचेपेक्षाही तिची जागा. इंजिनाचा सगळ्यात तापणारा भाग म्हणजे एक्झॉस्टचे पाईप, आणि ते इंजिनाच्या दोन्ही बाजूंना असतात. खाच त्यांच्यावर नाही. समोरच्या काचेलगतही नाही. ती पुढे, रेडिएटरच्या पाठीमागे आहे. ही जागा शोभेसाठी निवडलेली नाही. गरम हवा बाहेर काढण्याबद्दल आपल्या मनात जी समजूत पक्की बसलेली असते, ती चालत्या गाडीत किती अपुरी पडते, हे ही जागा सांगते.

ती समजूत चुलीपाशी तयार होते. चुलीचा धूर वर जातो, म्हणून छपराला धुराडं ठेवतात. गाडीचं इंजिनही तापतं, मग त्याच्या डोक्यावर भोक पाडलं की काम झालं, असं वाटणं स्वाभाविक आहे. उष्णताही थोडीथोडकी नसते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळ तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो आणि बाकीची उष्णता एक्झॉस्ट व कूलंट यांच्यात वाटली जाते. 455 अश्वशक्ती म्हणजे सुमारे 340 किलोवॅट. इंजिन पूर्ण जोरात असताना एकट्या रेडिएटरला 200 किलोवॅटच्या आसपास उष्णता हवेत सोडावी लागते. घरातले 2 किलोवॅटचे शंभर गीझर एकदम चालू केले तर जेवढी होईल, तेवढी. आता धुराड्याचा हिशेब करून पाहू. बॉनेटखालची हवा 100 अंशांची, बाहेरची 30 अंशांची आणि गरम हवेच्या थराची उंची अर्धा मीटर धरली, तर हलकेपणामुळे त्या हवेला वर ढकलणारा दाब भरतो जेमतेम 1 पास्कल. ताशी 100 किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब सुमारे 460 पास्कल असतो. यू आकाराच्या पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून मोजायचं ठरवलं, तर या दुसऱ्या दाबानं पाणी 47 मिलिमीटर सरकेल. पहिल्या दाबानं ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं हलेल, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही. दोन्ही दाब सारखे होतात ताशी 5 किलोमीटरला. माणूस चालतो त्या वेगाच्या पुढे धुराड्याचं गणित मागे पडतं आणि वाऱ्याचं सुरू होतं.

वाऱ्याचं गणित बॉनेटवर सगळीकडे सारखं नसतं. नाकावर आपटलेली हवा बॉनेटच्या पुढच्या कडेवरून वळताना वेग घेते आणि तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. तीच हवा पुढे जाऊन काचेवर आदळते, थबकते, आणि काचेच्या पायथ्याशी दाब पुन्हा वाढतो. याचा पुरावा प्रत्येक मोटारीत आहे. वायपरखाली जी जाळी असते, जिच्यात पावसाळ्यात झाडाची पानं अडकून कुजतात, ती जाळी म्हणजे आत बसणाऱ्यांना ताजी हवा पुरवणारं तोंड. ते तिथे असण्याचं एक मोठं कारण म्हणजे त्या जागी हवा आपणहून आत शिरते. शेव्हरोलेनंच 1969 च्या कमॅरोत आणि 1970 च्या शेव्हेल एसएसमध्ये याच दाबाचा उपयोग इंजिनाला हवा पाजायला केला होता. बॉनेटवरच्या उंचवट्याचं तोंड मागे, काचेकडे ठेवलं आणि तिथून कार्ब्युरेटरला थंड हवा मिळाली. म्हणून बिजागरीखाली वॉशर टाकून बॉनेटची मागची कड उचलायची, म्हणजे गरमी निघून जाईल, हा हौशी लोकांत रूढ असलेला उपाय चालत्या गाडीत सहसा उलटा पडतो. त्या फटीतून हवा बाहेर पडण्याऐवजी आत घुसते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेची वाट अडवते. तोंडाची दिशाही तितकीच निर्णायक असते. जुन्या 3.0 लिटर टोयोटा फॉर्च्युनरच्या बॉनेटवरचं पुढे उघडणारं तोंड गरमी काढायला नव्हतं, इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या खालच्या इंटरकूलरला हवा द्यायला होतं.

तर कॉर्व्हेटची खाच कमी दाबाच्या पट्ट्यात आहे. समोरच्या जाळीपाशी दाब जास्त, खाचेपाशी कमी. या दोहोंच्या मध्ये रेडिएटर ठेवला की हवेला त्यातून जावंच लागतं. त्यासाठी रेडिएटर सरळ उभा न ठेवता पुढे झुकवलेला आहे, म्हणजे मागून निघणारी हवा इंजिनावर न आपटता वर वळते. ही मांडणी कॉर्व्हेटच्या आधीच्या सी6.आर या शर्यतीच्या गाडीवरून आली. तिचा दुसरा फायदा मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. नेहमीच्या गाडीत रेडिएटरमधून आलेली हवा इंजिनाभोवती कोंडते आणि खालून, रस्त्यालगत निसटते. तिथे ती गाडीचं नाक उचलू पाहते. ताशी 200 किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरमागे जवळपास 190 किलो वजनाइतका होतो. त्याचा छोटा हिस्सा जरी बॉनेटच्या पोटाला लागला, तरी पुढच्या चाकांची पकड सैल होते आणि स्टिअरिंग हलकं पडतं. हवा वरून सोडली की हा भार उतरतो. जग्वार ई-टाइपची 1961 ची बॉनेट पाहिली, तर मागे तोंड असलेल्या पट्ट्या तिथेही दिसतात. पट्टीची पुढची कड पत्र्याला जोडलेली आणि मागची उचललेली, उघडी, म्हणजे वरून जाणारी हवा आत न शिरता आतल्या हवेला ओढून नेते. सुरुवातीच्या गाड्यांत या पट्ट्यांचे तुकडे वेगळे बनवून बॉनेटला वेल्ड केलेले होते, नंतर त्या बॉनेटच्याच पत्र्यात दाबून काढल्या जाऊ लागल्या. एवढ्या मेहनतीचं काम कुणी सजावटीसाठी करत नाही.

यावर रास्त आक्षेप असा की गाडी सिग्नलला उभी असते, घाटात कासवगतीनं चढते, शर्यत संपल्यावर बंद होते. तेव्हा वारा नसतो, मग धुराडंच उपयोगी ठरणार. ते खरं आहे, आणि इंजिन बंद केल्यावर साठलेली गरमी वरच्या खाचेतूनच निघते. पण त्यासाठी वेगळी जागा लागत नाही. पुढची खाच उभ्या गाडीतही उघडीच असते आणि रेडिएटरचा पंखा हवा तिच्याकडेच ढकलतो. मागची फट मात्र उभ्या गाडीत उपयोगी आणि चालत्या गाडीत बाधक. दोन्ही वेळा चालेल अशी जागा असताना एकाच वेळी चालणारी का निवडावी? दुसरा आक्षेप, मग सगळ्याच गाड्यांना खाच का नसते? कारण रोजच्या गाडीला तिची गरज नसते. तिचं इंजिन पूर्ण जोरात क्वचितच चालतं आणि खालून निसटणारी हवा तिला पुरते.

खाच पाडली की अडचणी सुरू होतात, आणि त्या मला किरकोळ वाटत नाहीत. पहिली म्हणजे गळती. हवा नेहमी सोपी वाट शोधते. रेडिएटरच्या कडेला बोटभर फट राहिली, तरी हवा त्याच्या बारीक जाळीतून जायच्या ऐवजी फटीतून पळते आणि थंडच्या थंड खाचेतून बाहेर पडते. म्हणून रेडिएटरभोवती फोमच्या पट्ट्या आणि पत्र्याच्या भिंती लावाव्या लागतात. त्यांच्याशिवाय मोठी खाच फक्त मोठी गळती ठरते. दुसरी अडचण पावसाची. जिथून हवा निघते तिथून उभ्या गाडीत पाणी पडतं, ते इग्निशन कॉइलवर, बेल्टवर आणि अल्टरनेटरवर. खाचेखाली पन्हळ द्यावी, तर ती हवेच्याच वाटेत येते. तिसरी अडचण पादचाऱ्याची. धडकेत माणसाचं डोकं बॉनेटवर आदळतं, तेव्हा पत्रा दबायला हवा आणि खाली मोकळी जागा हवी. भारतात यासाठीचं मानक एआयएस-100 आहे. खाचेची कडक चौकट नेमकी तिथेच येते जिथे पत्रा मऊ असायला हवा. चौथी, बॉनेटच्या आतल्या बाजूला तिला ताठ ठेवणाऱ्या बरगड्या असतात. बाजारातून पट्ट्यांचा तुकडा आणून बॉनेट कापणारा माणूस त्या बरगड्याही कापतो, आणि वेगात बॉनेट थरथरू लागते.

पाचवी अडचण सगळ्यात चिवट आहे. 2015 च्या कॉर्व्हेट झेड06 मध्ये इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर लावून 650 अश्वशक्ती काढली. ट्रॅकवर, कडक उन्हात, सलग फेऱ्या मारताना गाडी स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करते, अशा तक्रारी मालकांनी केल्या. 2017 च्या मॉडेलला मोठ्या खाचांची नवी बॉनेट आणि सुपरचार्जरचं नवं झाकण मिळालं. 2019 च्या झेडआर1 मध्ये ताकद 755 वर गेली आणि गरमी सोडणाऱ्या रेडिएटरांची संख्या 13 झाली. सुपरचार्जर इतका उंच की बॉनेटच्या मधोमध भोक पाडून त्याचं डोकं बाहेर काढावं लागलं. प्रत्येक रेडिएटरला आत येणारी हवा हवी आणि बाहेर जाणारी वाट हवी. कमी दाबाचा पट्टा मात्र तेवढाच राहतो, कारण नाकाचा आकार तेवढाच. शेवटी 2020 च्या आठव्या पिढीत इंजिनच चालकाच्या पाठीमागे गेलं. बॉनेटवरचा प्रश्न त्याबरोबर मागच्या काचेवर गेला. 2024 मध्ये आलेल्या 1,064 अश्वशक्तीच्या झेडआर1 ची मागची काच मधोमध दुभंगलेली आहे, आणि दोन भागांमधल्या कार्बन फायबरच्या कण्यात गरम हवेसाठी फटी आहेत. साठ वर्षांपूर्वीची 1963 ची दुभंगलेली काच लोकांना आठवावी, हा एक हेतू असेलही. पण त्या फटींचा खरा कस छताच्या मागे लागणार आहे. तिथे हवा ओढते की ढकलते, एवढंच त्यांना विचारायचं.