प्रलयानंतरचीं माणसें

क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथेची गोडी आपल्या घरांना नवी नाहीं. हरि नारायण आपटे यांचें 'करमणूक' हें साप्ताहिक १८९० सालीं पुण्यास निघालें, आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यांतून थोडथोडी वाचकांच्या हातीं पडूं लागली. पुढील अंकाची वाट पाहावी, मधल्या दिवसांत पात्रांच्या भवितव्याविषयीं तर्क लढवावे, हा वाचनानंदाचाच एक भाग होता. तोच आनंद आज घरांतील तरुण मंडळी मोबाईलच्या पडद्यावर घेतात. फरक इतकाच कीं, पूर्वीं एकानें मोठ्यानें वाचावें व चारचौघांनीं ऐकावें असा पुष्कळ घरांतून प्रघात असे. आतां प्रत्येकजण आपल्या कोपऱ्यांत एकटा वाचतो. तो कशानें हसला व कशानें हळहळला, हें शेजारीं बसलेल्या आजोबांनाहि कळत नाहीं.

या वाचनांतील एक प्रकार वडील मंडळींना विशेष खटकतो. साथीनें किंवा युद्धानें जग उद्ध्वस्त झालें आहे, शहरें ओस पडलीं आहेत, मूठभर माणसें मागें उरलीं आहेत, अशा कल्पनेवर रचलेल्या चित्रकथा हा तो प्रकार. भरल्या घरांत असलें अभद्र कशाला वाचावें, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर कथेच्या नुसत्या विषयावरून देतां येणार नाहीं. तिचे वाचक कोठें रमतात व कोठें डोळे पुसतात, हें पाहूनच तें द्यावें लागेल.

या प्रकारांतील एक गाजलेली कथा उदाहरणादाखल घेऊं. मिना सुंडबर्ग या स्वीडन व फिनलंड या दोन्ही देशांशीं नातें असलेल्या चित्रकर्तीची 'स्टँड स्टिल, स्टे सायलेंट' ही इंग्रजी चित्रकथा २०१३ च्या नोव्हेंबर महिन्यांत आंतरजालावर सुरू झाली व २०२२ मध्यें संपली. आठवड्यांतून कांहीं दिवस एकेक पान प्रसिद्ध व्हावें व जगभरच्या वाचकांनीं त्याखालीं आपले अभिप्राय लिहावे, असा हा क्रम कित्येक वर्षें चालला. कथा अशी : एका भयंकर रोगानें जग बुडालें, आपल्या सीमा वेळींच बंद केल्यामुळें आइसलंड तरलें. त्यानंतर ९० वर्षांनीं उत्तर युरोपांतील एक लहानशी तुकडी, हातीं पैसा बेताचाच असतां, निर्मनुष्य डेन्मार्कमध्यें जुनीं पुस्तकें सोडवून आणण्यासाठीं निघते.

तुकडींतील एमिल स्वीडिश व लाल्ली फिन्निश. दोघांना एकमेकांची भाषा येत नाहीं, तरी संकटांत ते एकमेकांना सांभाळतात. रेनिर हा आइसलंडमधील मेंढपाळाचा मुलगा खाद्यपदार्थांच्या पेटींत लपून चुकून तेथें येऊन पडतो. रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ति त्याच्या अंगीं नाहीं, आणि ज्या पेटींत शिधा यावयाचा त्या पेटींतून हें खाणारें एक तोंड अधिक आलेलें! तरीहि तुकडी त्याला आपल्यांत सामावून घेते. पुढें तुऊरी ही सर्वांची लाडकी मुलगी रोगाची बाधा होऊन अखेर प्राणास मुकते, तेव्हां जवळचें माणूस गेल्याप्रमाणें वाचकांनीं शोक केला. कित्येकांनीं या पात्रांवर स्वतःच्या कथा लिहिल्या, चित्रें काढलीं. २०२० सालीं खरीच साथ आली, त्या वेळीं रोगाच्या बातम्या आधीं हंसण्यावारी नेणाऱ्या व मग भेदरलेल्या कुटुंबांचीं सात वर्षांपूर्वींचीं तीं आरंभींचीं पानें पुन्हां वाचतांना त्यांचा अर्थच पालटून गेला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भय हें अशा कथांचें केवळ निमित्त असतें. सर्व गेल्यावरहि जो आपल्या घासांतला घास काढून देतो, त्याच्या पुढच्या पानाची वाचक वाट पाहत असतो.

हा विषय परका समजण्याचेंहि कारण नाहीं. आपट्यांनींच 'काळ तर मोठा कठीण आला' या कथेंत दुष्काळांत होरपळलेलें शेतकरी कुटुंब रंगविलें आहे. आपला बुलढाणा जिल्हा तर अशा काळांतून प्रत्यक्ष गेलेला आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ वऱ्हाडावर पाठोपाठ कोसळले. जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ सालीं सुमारें ४ लक्ष ८१ हजार होती. १९०१ च्या शिरगणतींत ती सुमारें ४ लक्ष २३ हजारांवर आली. किती माणसें कमी झालीं हें आंकडे सांगतात. जीं उरलीं तीं कोणाच्या भाकरीवर उरलीं, कोणत्या घरानें आपलें पेव कोणासाठीं उघडलें आणि कोणत्या घरानें तें झांकून ठेवलें, हें मात्र ते सांगत नाहींत. तें सांगणारीं माणसें आतां या जगांत नाहींत.

१९७२ च्या दुष्काळाची गोष्ट निराळी आहे. खडी फोडण्याचीं कामें, तेथें मिळणारी सुकडी, अमेरिकेंतून आलेली लाल मिलो ज्वारी, हें सारें पाहिलेलीं माणसें अजून आपल्या घरांत आहेत. याच जिल्ह्यांतील सदानंद देशमुख यांनीं 'बारोमास' ही कादंबरी लिहून कोरडवाहू शेतकऱ्याची ओढाताण मराठी वाचकांपुढें मांडली व २००४ सालीं तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. पण प्रत्येक घराची कथा कादंबरीकार कोठून लिहिणार? २०२० च्या टाळेबंदींत मलकापूर, नांदुरा, खामगांव या वाटेनें पायीं निघालेल्या मजुरांना पाणी व भाकरी देणारे हातहि असेच निनांवी राहिले. शेगांवच्या गजानन महाराज संस्थानानें त्या वेळीं गरजूंच्या जेवणाची सोय केली, त्याची नोंद राहील. ओसरीवरून दिलेल्या भाकरीची नोंद कोण ठेवणार?

म्हणून वडील मंडळींस सुचवावेंसें वाटतें तें इतकेंच. मुलांच्या हातांतील चित्रकथा हिसकावून घेऊं नये; रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती त्यांच्याकडून ऐकावी. ती ऐकून झाली म्हणजे आपली १९७२ ची कथा त्यांना सांगावी. दिलें तें सांगावें, आणि द्यावयाचें राहून गेलें तेंहि लपवूं नये. ज्या मुलांना परक्या देशांतील कल्पित रेनिरची काळजी वाटते, त्यांना आपल्या गांवच्या खऱ्या माणसांची वाटणार नाहीं, असें मानण्यास आधार नाहीं. त्यांच्या हातीं चित्रकला असेल तर त्यांनीं ती कथा महिन्याला एक पान याप्रमाणें काढावी व खालीं 'क्रमशः' लिहावें. पहिल्या पानावर कोणाच्या चुलीचें चित्र यावें, हें मात्र आजीला विचारून ठरवावें.