नियम सांभाळून फिजी : मध्यम खर्चातील बेटप्रवास

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की अनेक व्यापारी घरांत एक ठरलेला संवाद सुरू होतो. मुलांना समुद्र हवा असतो, तोही चित्रात दिसतो तसा निळा. वही सांभाळणारे कर्ते पुरुष विचारतात, "एकूण किती?" आणि घरातील ज्येष्ठ श्राविका शांतपणे विचारतात, "तिथे सूर्यास्तापूर्वी जेवायला मिळेल का?" पहिल्या दोन प्रश्नांना प्रवास कंपन्यांकडे तयार उत्तरे असतात. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र बेत मोडतो. मग कोणीतरी म्हणते, "आठ दिवसांपुरते चालवून घेऊ." नियम घेतलेल्या माणसाच्या मनाला ते लागते, आणि न बोलता तो घरीच राहण्याचे ठरवतो.

असे होऊ नये, सर्व कुटुंबाने एकत्र जावे आणि कोणाचाही नियम मोडू नये, या दृष्टीने प्रशांत महासागरातील फिजी या देशाचा विचार करण्याजोगा आहे. तेथे महागडी विलासस्थाने आहेत, तशी साध्या खर्चाची निवासस्थानेही आहेत. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी तेथे गेलेल्या भारतीयांच्या वंशजांमुळे तूरडाळ, तांदूळ, कणीक आणि हळद या वस्तू तेथील बाजारात रोजच्याच आहेत.

केव्हा आणि कसे जावे

फिजी हा तीनशेहून अधिक बेटांचा देश आहे. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश बेटांवरच वस्ती आहे. व्हिती लेव्हू हे सर्वांत मोठे बेट असून राजधानी सुवा आणि मुख्य विमानतळ दोन्ही त्यावरच आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ, तर मे ते ऑक्टोबर हा कोरडा आणि सुखद काळ. आपल्याकडील शाळांची मे महिन्याची सुट्टी आणि चातुर्मासापूर्वीचे दिवस या सोयीच्या काळातच येतात. चातुर्मासात अनेक श्रावक प्रवासाची मर्यादा घेतात, म्हणून मे ते जूनचा पूर्वार्ध हाच आपल्या समाजासाठी योग्य काळ होय.

विमानतळाच्या गावाचे नाव रोमन लिपीत पाहिले तर आपण 'नाडी' किंवा 'नादी' वाचू. फिजी भाषेत 'द'च्या आधी अनुनासिक उच्चार येतो, त्यामुळे त्याचा खरा उच्चार 'नांदी' असा होतो. मराठी माणसाच्या प्रवासाचा आरंभ नांदीनेच व्हावा, हा योग सुंदर आहे. सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे तेथे जाता येते. ऑस्ट्रेलिया वा न्यूझीलंडमार्गे जायचे असल्यास केवळ विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागू शकतो, म्हणून स्वस्त तिकीट पाहताना तो खर्चही जमेस धरावा. भारतीय पारपत्रधारकांना फिजीत पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट आणि पुरेशी मुदत असलेले पारपत्र मात्र हवे. निघण्यापूर्वी नियम पुन्हा तपासून घ्यावेत.

विमानात जैन भोजन हवे असल्यास ते तिकिटासोबतच नोंदवावे. पूर्वेकडे जाताना दिवस लवकर मावळतो. मनगटावरील घड्याळ भारताची वेळ दाखवत असते आणि खिडकीबाहेर अंधार पडलेला असतो. रात्रिभोजनत्यागी व्यक्तीने सिंगापूरसारख्या थांब्यावर दिवसाउजेडीच जेवण उरकून घेणे बरे.

निवास : स्वयंपाकघर आधी, समुद्र नंतर

खर्च आणि नियम या दोन्हींचा निर्णय निवासावर अवलंबून असतो. नांदीजवळील देनाराऊ भागात मोठी पंचतारांकित हॉटेले आहेत. तेथून थोड्याच अंतरावर वाईलोआलोआ किनाऱ्यालगत साधी अतिथीगृहे, सामायिक खोल्यांची वसतिगृहे आणि स्वयंपाकघरासह मिळणारी घरे आहेत. नांदी ते सुवा या रस्त्यावरील दक्षिण किनाऱ्याला 'कोरल कोस्ट' म्हणतात. तेथेही अशी सोय आढळते. आठ-दहा जणांच्या एकत्र कुटुंबाने वेगवेगळ्या खोल्या घेण्यापेक्षा स्वयंपाकघर असलेले एक घर घेणे किफायतीचे ठरते. रोजच्या बाहेरच्या जेवणाचा खर्च वाचतो आणि पाणी गाळणे, उकळणे, वेळेवर जेवणे हे सारे आपल्या हाती राहते.

तेथील विजेचा दाब आपल्यासारखाच असतो. फक्त खाचेचा आकार ऑस्ट्रेलियातील पद्धतीचा असतो. त्यासाठी एक जोडणी घेतली की घरची विजेची शेगडी तेथे चालते. सामायिक स्वयंपाकघरातील भांड्यांत मांसाहार शिजलेला असतो, म्हणून एक छोटा कुकर, तवा आणि दोन पातेली सोबत असावीत. सामानात तीन-चार किलो वाढतील, पण मन निश्चिंत राहील.

यासावा आणि मामानुथा या छोट्या बेटांच्या रांगा चित्रांतून आपल्याला ठाऊक असतात. तेथील स्वस्त निवासांबाबत एक गोष्ट आधी समजून घ्यावी. खाटेचे भाडे कमी दिसते, परंतु बहुतेक ठिकाणी तीन वेळच्या जेवणाचे पैसे सक्तीने भरावे लागतात, आणि बाहेरच्यांना स्वयंपाक करू देत नाहीत. बेटावर दुसरे दुकानही नसते. जे जेवण आपण घेणार नाही, त्याचे पैसे का द्यावेत? म्हणून जैन कुटुंबाने मुक्काम व्हिती लेव्हूवरच ठेवावा आणि देनाराऊच्या बंदरातून निघणाऱ्या बोटीने एखादे बेट सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या हिशेबाने पाहावे.

ताटात काय?

फिजीत 'शाकाहारी' हा शब्द सर्वांना समजतो. मात्र तेथील शाकाहारी रश्शात कांदा, लसूण आणि बटाटा असतोच, असे समजून चालावे. हरे कृष्ण परंपरेच्या उपाहारगृहांत कांदा-लसूण टळतो, पण बटाटा टळेलच असे नाही. स्थानिक लोकांचे मुख्य अन्न म्हणजे अळूचा कंद, ज्याला ते 'दालो' म्हणतात, आणि कसावा, म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा बनतो ते मूळ. हे दोन्ही कंदमूळ होत. जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर शिजवलेले 'लोवो' हे जेवण पाहुण्यांना कौतुकाने दिले जाते. त्यात मांस आणि कंद एकत्र शिजतात. त्यामुळे 'एक दिवस स्थानिक जेवण' ही कल्पना आपल्याला सोडून द्यावी लागते.

पण बाजार समृद्ध आहे. नांदी आणि लौटोका येथील मंडईत भाजी बहुधा वजनाने नव्हे, वाट्यांनी विकली जाते. एका वाट्याचा ठरलेला दर असतो. भेंडी, दुधी, दोडका, कारले, चवळीच्या शेंगा, काकडी, पपई, केळी आणि नारळ सहज मिळतात. कोकणात ज्याला आपण नीरफणस म्हणतो, तो तेथे 'उतो' या नावाने घरोघरी खाल्ला जातो. नारळाच्या दुधात शिजवलेला नीरफणस आणि सोबत गरम भात, हे जेवण नियमात बसते आणि प्रशांत महासागराची चवही देते.

घरून खाखरे, मेथीचे ठेपले, खिचडीचे पीठ नेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. फिजीत जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. ताजी फळे, बिया, मोड आणण्यासाठी नेलेले मूग, तूप वा दुधाचे पदार्थ यांवर आक्षेप येऊ शकतो. जे काही खाण्याचे आहे ते विमानतळावरील पत्रकात प्रामाणिकपणे लिहावे. कारखान्यात बंद केलेले, नाव छापलेले पाकीट शक्यतो न्यावे. लपवले तर दंड होतो आणि असत्याचा दोषही पदरी येतो. धान्य, डाळ व मसाले तेथेच विकत घेणे सर्वांत सोयीचे.

मे-जूनमध्ये तेथे सूर्य सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सकाळी तो साडेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे नवकारशी साधारण सव्वासातनंतर येते. बेटांवरून परतणाऱ्या बोटी अनेकदा सूर्यास्ताच्या सुमारासच बंदरात पोहोचतात. म्हणून त्या दिवशी संध्याकाळचे जेवण डब्यात सोबत असावे आणि बोटीतच पाचच्या सुमारास आटोपावे. फिजीची वेळ भारताच्या साडेसहा तास पुढे असते, त्यामुळे तेथील सूर्योदयाची तिथी आपल्या पंचांगातील तिथीशी जुळेलच असे नाही. आठम-चौदस पाळणाऱ्यांनी निघण्यापूर्वी गुरुमहाराजांना विचारून घ्यावे.

पाहावे, पण दुखवू नये

सिंगातोका येथील वाळूच्या टेकड्या हे फिजीतील पहिले राष्ट्रीय उद्यान, 1989 मध्ये घोषित झालेले. तेथे अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीचे अवशेष सापडले आहेत. माफक प्रवेशशुल्कात दोन तासांची उत्तम पदयात्रा घडते. नांदीचे द्राविड शैलीतील श्री शिव सुब्रमण्यम मंदिर, सुव्याजवळील थोलो-ई-सुवा हे वनोद्यान आणि सुव्याचे फिजी संग्रहालय ही स्थळे कमी खर्चात होतात. शहरे सार्वजनिक बसने जोडलेली आहेत. भाड्यासाठी दुकानात मिळणारे कार्ड घेता येते. रविवारी बहुसंख्य लोक चर्चमध्ये जातात, दुकाने बंद आणि बस कमी असतात. तो दिवस सामायिक आणि विश्रांतीसाठी ठेवावा.

समुद्रात मुखवटा लावून पोवळ्यांचे बाग पाहणे हे तेथील मुख्य आकर्षण. आपल्या शास्त्रांत विद्रुम म्हणजे पोवळे पृथ्वीकायिक जीवांत गणले आहे. आजचे विज्ञान त्याला असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. दोन्ही दृष्टींनी ते सजीव आहे, आणि पायाचा एक धक्का शेकडो जीवांचा घात करू शकतो. म्हणून तरंगत पाहावे, उभे राहू नये, हात लावू नये, माशांना पाव टाकू नये. मुलांना हे किनाऱ्यावरच समजावून सांगावे. गळ टाकण्याची सहल बहुतेक ठिकाणी 'मोफत' म्हणून पुढे केली जाते. ती नम्रपणे नाकारावी. कारणाशिवाय केलेल्या हिंसेला आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात, आणि सुट्टीतच तो सर्वाधिक घडतो. पोवळे व शंख-शिंपले आठवण म्हणून विकत घेऊ नयेत. त्यांपैकी अनेक परवान्याशिवाय देशाबाहेर नेताही येत नाहीत.

गावभेटीत एक पेच येतो. गावाच्या प्रमुखाला 'यंगोना' या झाडाची मुळे अर्पण करण्याची प्रथा आहे. त्यापासून केलेले 'कावा' हे किंचित गुंगी आणणारे पेय पाहुण्यांना वाटीतून दिले जाते. मूळ आणि गुंगी या दोन्ही कारणांनी ते आपल्याला वर्ज्य आहे. वाटाड्याला आधीच सांगितले तर तो यजमानांना समजावतो. वाटी समोर आली की हात जोडून नकार दिला तरी कोणी रागावत नाही. खांदे-गुडघे झाकलेले असावेत, टोपी काढावी, लहान मुलाच्याही डोक्याला हात लावू नये. या मर्यादा पाळणाऱ्या पाहुण्याला तेथे मान मिळतो.

त्या भूमीवर आपले लोक

14 मे 1879 रोजी 'लिओनिडास' हे जहाज करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन फिजीला पोहोचले. 1916 पर्यंत साठ हजारांहून अधिक स्त्री-पुरुष असे नेले गेले. 'अॅग्रीमेंट' या शब्दाचा त्यांनी 'गिरमिट' केला आणि स्वतःला गिरमिटिया म्हणवले. उसाच्या मळ्यांवरील त्यांच्या हालांविरुद्ध भारतातून आवाज उठला, त्यात आपले नामदार गोखले अग्रभागी होते. 1912 मध्ये त्यांनी ही पद्धत बंद करण्याचा ठराव कायदेमंडळात मांडला. तो तेव्हा फेटाळला गेला, पण पुढे ती पद्धत संपुष्टात आलीच. नंतरच्या काळात गुजरातेतील व्यापारी स्वखर्चाने तेथे गेले. आज मोतीभाई, तप्पू, पुंजा ही नावे फिजीच्या दुकानांच्या पाट्यांवर दिसतात. मंडईत भेंडीचा वाटा बांधून देणारी वृद्ध बाई हिंदीत बोलते, तेव्हा तिच्या आजोबांनी त्या बोटीत काय सोडले आणि काय जपले, हे मुलांना जरूर सांगावे.

श्रावकाच्या व्रतांत भोगोपभोगाचे परिमाण ठरवलेले आहे. निघण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून खर्चाची मर्यादा लिहावी, त्याखाली प्रत्येकाचे नियम लिहावेत, आणि दोन्हींत बसेल तेवढाच बेत करावा. परतल्यावर वही मिटवताना जे शिल्लक राहील, त्यातील काही भाग जीवदयेच्या खात्यात जमा करावा. आणि यावेळी आजींनाही सोबत न्यावे.

जय जिनेंद्र.