डाळीचं पाणी नको, डाळ द्या
आठवड्याचा बाजार : लेखांक ५

कुकर उघडला की पळीने वरचं पिवळं, पातळ पाणी वाटीत काढायचं, थोडं कोमट होऊ द्यायचं आणि मांडीवरच्या बाळाला चमच्याचमच्याने पाजायचं, ही रीत आपल्याकडे घरोघर आहे. आजी सांगते, शेजारीण सांगते, पचायला हलकं म्हणून सांगते. माया त्यात पुरेपूर असते. डाळ मात्र तळाशी राहते, आणि घोटून, फोडणी पडून मोठ्यांच्या ताटात जाते. ज्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्या पोटात हळदीचं पाणी जातं.

गेल्या लेखात आपण धान्याचा हिशोब मांडला. नमुन्यादाखल घेतलेलं घर तेच ठेवू : भोसरीत भाड्याच्या खोलीत राहणारं जोडपं, चार वर्षांची मुलगी, चौदा महिन्यांचा मुलगा, आणि भाजी-किराणा-दूध मिळून आठवड्याला १५०० रुपये. रेशनचं धान्य धरलेलं नाही. गहू, तांदूळ, ज्वारी मिळून सहा किलोंच्या वर धान्याला २५० रुपये बाजूला काढले. आता डाळीकडे वळू. माझं म्हणणं एवढंच आहे की धान्यानंतर पैसा डाळ-शेंगदाणा-अंड्यांसाठी वेगळा काढा, बाकी सगळं त्यानंतर. आणि घरात आलेल्या या मालातला पहिला वाटा सर्वांत लहान माणसाचा.

पोटाच्या मापापासून सुरुवात करू. लहान मुलाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावतं. म्हणजे नऊ किलोच्या मुलाचं पोट पावणेतीनशे मिलिलिटरला, म्हणजे दोनेक लहान वाट्यांतच भरतं. त्यातली एक वाटी पातळ पाण्याने भरली, की मूल तोंड फिरवतं आणि आई म्हणते, "खातच नाही हो." त्याचं पोट खरोखरच भरलेलं असतं, पण अंगी लागावं असं त्यात फारसं काही नसतं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. तीस ग्रॅम कोरडी तूरडाळ, म्हणजे जेमतेम मूठभर, घट्ट शिजवून दिली तर त्यातून साडेसहा ग्रॅम मिळतात. अर्ध्या दिवसाची सोय एका मुठीत झाली.

करायचं कसं? डाळ अर्धा तास भिजवा, गॅसही वाचतो. हळद, हिंग, थोडं तेल घालून मऊ शिजवा. कुकर उघडल्यावर पाणी वाढवण्याआधी, फोडणीच्या आधी, तळातून दोन पळ्या घट्ट गोळा काढून घ्या. तो मऊ भातात, किंवा दुधात नव्हे तर गरम पाण्यात कुस्करलेल्या पोळीत, बोटांनी एकजीव करा. वर अर्धा चमचा तूप किंवा तेल. तूप महाग वाटत असेल तर तेल तितकंच चालतं; लहान पोटाला थोडक्यात जास्त ऊर्जा मिळावी हा हेतू असतो, आणि ते काम दोन्ही करतात. दोन थेंब लिंबू पिळा. चमचा आडवा केला तरी घास गळून पडता कामा नये, घट्टपणाची हीच परीक्षा. बाकीच्या डाळीत मग खुशाल पाणी घाला, मोठ्यांसाठी आमटी करा. खर्च एका पैशानेही वाढत नाही. फक्त पळी कुठून भरायची, तेवढं बदलतं.

भातासोबत किंवा पोळीसोबत डाळ खायला सांगतात त्यालाही कारण आहे. धान्यातल्या प्रथिनांत लायसीन कमी असतं, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनीन कमी, ते धान्य भरून काढतं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था धान्य आणि डाळ यांचं प्रमाण तीनास एकच्या जवळ ठेवायला सांगते. आपल्याकडे पैशाची ओढाताण सुरू झाली की आधी डाळच पातळ होते, आणि पोट भरायचं म्हणून भात वाढत जातो. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या दर शंभर मुलांपैकी जेमतेम अकरा मुलांना पुरेसा आणि पुरेशा वेळा आहार मिळत असल्याचं आढळलं, आणि पाच वर्षांखालची दर शंभरातली सदुसष्ट मुलं रक्तक्षयी निघाली. इतकी मोठी संख्या निव्वळ उपाशी घरांची असूच शकत नाही. चूल रोज पेटते अशा घरांतलीही मुलं तिच्यात आहेत.

आता पैसे. पुढचे भाव पुण्याकडच्या किराणा दुकानातले, गोल करून घेतलेले आहेत. तुमच्याकडचे घालून पुन्हा मांडा, पण क्रम फारसा बदलणार नाही. दहा ग्रॅम प्रथिनं विकत घ्यायची, तर १४० रुपये किलोच्या तूरडाळीतून ती साडेसहा रुपयांच्या आत मिळतात. शेंगदाण्यातून आणि मटकीतून सहाच्या आसपास. सात रुपयांच्या अंड्यातून पावणेबारा, साठ रुपये लिटरच्या दुधातून पावणेएकोणीस, चारशे रुपये किलोच्या पनीरमधून वीसच्या वर. सर्वांत स्वस्त सोयाबीनच्या वड्या : अडीच रुपये. पाहुण्यांसाठी पनीर आणणारी आणि सोयाबीनच्या वड्यांना नाक मुरडणारी घरं मी पुष्कळ पाहते. वड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळून घेतल्या, बारीक चिरून कांदा-टोमॅटोत परतल्या, की वास जातो. थोरल्या मुलीच्या पोळीच्या गुंडाळीत त्या छान बसतात.

आपल्या घरासाठी आठवड्याची यादी अशी निघते : तूरडाळ पाऊण किलो १०५ रुपये, मटकी अर्धा किलो ६०, मसूरडाळ पाव किलो ३०, शेंगदाणे पाव किलो ३५, आणि दहा अंडी ७०. बरोबर ३०० रुपये, म्हणजे आठवड्याच्या पैशाचा पाचवा हिस्सा. अर्धा लिटर दूध रोज धरलं तर त्याचे २१० वेगळे. धान्य, हे सगळं आणि दूध मिळून ७६० होतात. उरलेल्या ७४० मध्ये तेल, भाजी, फळ, चहा-साखर, मसाला. ओढाताण आहे, पण बसतं.

अंडी दहाच का? थोरलीला रोज एक, धाकट्याला रोज अर्धं, म्हणजे साडेदहा. आठवड्यात एखादा दिवस सुटतोच. अंड्याची किंमत डाळीपेक्षा जास्त पडते हे वर दिसलंच, तरी मी त्याला यादीतून काढणार नाही. त्यातलं प्रथिन स्वतःच पूर्ण असतं, ते लहान पोटात कमी जागा घेतं, आणि कामावरून दमून आलेली आई ते दहा मिनिटांत उकडू शकते. मुलांना द्यायचं ते पूर्ण शिजलेलंच. अंडी न खाणाऱ्या घरांनी हेच ७० रुपये जास्तीचं दूध लावून दह्याकडे वळवावेत, आणि थोडे सोयाबीनच्या वड्यांकडे.

आणि हे ७० रुपये येणार कुठून, असं विचाराल तर दाराशीच उत्तर आहे. दुकानात बिस्किटांचे पुडे आणि कुरकुरीत पाकिटांच्या माळा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लटकवलेल्या असतात. पाळी संपवून घरी येणारा बाप लेकरासाठी दहा रुपयांचा पुडा घेतो, प्रेमाने घेतो. रोज दहा म्हणजे आठवड्याला सत्तर : दहा अंडी तिथेच गेली. पुड्यात मैदा, साखर आणि पामतेल. त्यावर चहा पाजला तर आणखी नुकसान, कारण चहातले टॅनिन अन्नातलं लोह शोषू देत नाहीत. त्या बापाला मी हिशोब दाखवेन, रागावणार नाही. येताना दोन केळी किंवा मूठभर फुटाणे आण, एवढंच म्हणेन. फुटाणे थोरलीसाठी, धाकट्यासाठी केळं. अख्खे फुटाणे किंवा शेंगदाणे पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात, म्हणून तिलाही ते कुटूनच द्यायचे. शेंगदाण्याचा कूट नाचणीच्या खिरीत, भाजीत, भातात सगळीकडे जातो.

मटकी सकाळी भिजवली, रात्री फडक्यात बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी मोड येतात. अर्धा किलोची फुगून दुप्पट होते, दोन-तीन वेळची उसळ सुटते. मोड आल्यावर डाळींतलं लोह अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं, आणि लिंबातलं क जीवनसत्त्व त्या लोहाला शरीरात शिरायला मदत करतं; उसळीवर लिंबू पिळायची आपली सवय म्हणून मोलाची. धाकट्यासाठी मोडांची उसळ मऊ शिजवून चांगली घोटा.

तूर कधीकधी हाताबाहेर जाते. २०१५ च्या अखेरीस तिने किलोला दोनशेपर्यंत उडी मारली, तेव्हा कितीतरी घरांनी डाळच सोडली. सोडू नका, बदला. तूर चढली की निम्मी मसूर मिसळा. मसूर न भिजवता लवकर शिजते, गॅस वाचवते, आणि तुरीच्या आमटीत मिसळली तर घरच्यांना कळतही नाही. सुटी डाळ घेताना जरा हातावर घेऊन पाहा : फार चकचकीत, एकसारखी पिवळी दिसली तर तिच्यावर रंग चढवलेला असू शकतो. विश्वासाचा दुकानदार दोन रुपये महाग असला तरी परवडतो.

अंगणवाडीत नाव नोंदवलं आहे का, हेही विचारते. गावाकडून भोसरी-चाकणला आलेली कितीतरी जोडपी तिथे पाऊलच टाकत नाहीत. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा शिधा आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम जेवण मिळणं हा २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे, उपकार नाही. गरोदर आणि स्तनदा आईचंही त्यात नाव आहे.

आणि तिच्या ताटाचं काय? धाकटा अजून अंगावर पितो. ती सगळ्यांना वाढून शेवटी बसते, तेव्हा पातेल्यात आमटीचं पाणी उरलेलं असतं. या घरात आणखी एक बदल सुचवते : घट्ट डाळ काढताना दोन पळ्या मुलाच्या, आणि एक वाटी तिच्यासाठी झाकून ठेवायची. हे काम नवऱ्याने करावं. तो पळी हातात घेऊ शकतो.

पुढच्या आठवड्यात भाजी : चाळीस रुपयांत पालेभाजी, लाल भोपळा आणि पेरू कसे बसवायचे, आणि संध्याकाळच्या बाजारात काय घ्यावं, काय टाळावं.