नळी बदलली म्हणजे बोर बदलला?

मोबाइलवर एखादी चित्रफीत समोर येते. परदेशी शिकारी रायफलीच्या दस्त्याखालचे दोन नट सैल करतो, नळी उचलून बाजूला ठेवतो, दुसरी बसवतो, नट आवळतो आणि वेगळ्याच बोरची काडतुसे भरतो. एवढे पाहून तीन समजुती पक्क्या होतात. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीला हवी ती नळी बसते, हे काम तालुक्याच्या गावातला हुशार लेथवालाही करील, आणि बंदूक तीच राहत असल्याने परवान्याचा काही संबंध नाही. तिन्ही चुकीच्या आहेत, आणि तिसरी तुरुंगात नेणारी आहे.

अशा चित्रफितींत वारंवार दिसणारी रायफल म्हणजे जर्मनीची ब्लेझर. आर९३ हे मॉडेल १९९३ मध्ये आले, आर८ हे २००८ मध्ये. ही रायफल मुळातच नळी बदलण्यासाठी आखलेली आहे. बोल्टचे डोके नळीच्याच मागच्या टोकात अडकते, त्यामुळे बोल्ट आणि काडतूस यांच्यातले अंतर नळी बनतानाच ठरून जाते. दुर्बीणही नळीवरच चढवलेली असते, म्हणून नळीबरोबर नेमही परत येतो. तरीही काडतुसाचे घराणे बदलले तर बोल्टचे डोके आणि मॅगझिनचा साचा बदलावाच लागतो. अमेरिकेतल्या सॅव्हेजने १९५८ मध्ये मॉडेल ११० काढले, त्यात नळी एका मोठ्या नटाने आवळलेली असते. तिथे अंतर हाताने जुळवता येते, पण ते गेज लावून तपासल्याशिवाय कोणी शहाणा माणूस गोळी झाडत नाही.

हे अंतर म्हणजे हेडस्पेस. सगळ्या प्रकरणाचा जीव त्यात आहे. काडतूस कोठीत बसल्यावर त्याच्या बुडामागे बोल्टपर्यंत किती मोकळी जागा उरते, याचा हिशेब. .३०८ काडतुसासाठी ‘बसले पाहिजे’ आणि ‘बसता कामा नये’ या दोन गेजांतला फरक सुमारे ०.१ मिलिमीटर असतो. वहीचा एक कागद साधारण तेवढाच जाड. जागा कमी पडली तर बोल्ट बंद होत नाही. जास्त झाली तर पितळी पुंगळी मागे ताणली जाते, बुडाजवळ फाटते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो.

आपल्या पोलिसांच्या .३०३ रायफलीत ही अडचण सुरेख सोडवली होती. या ली-एन्फिल्ड रायफलीच्या बोल्टचे डोके आट्यांवर फिरवून वेगळे काढता येते. क्रमांक ४ या मॉडेलला तर ०, १, २, ३ असे आकडे कोरलेली, किंचित कमी-जास्त लांबीची डोकी मिळत. शस्त्रागारातला आर्मरर गेज लावून योग्य आकड्याचे डोके निवडी. २६/११ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातात हीच जुनी रायफल होती.

इथे हमखास एक प्रतिवाद येतो: सरकारने .३०३ ची ७.६२ केलीच होती ना? केली होती, पण नुसती नळी बदलून नव्हे. १९६० च्या दशकात इशापूरच्या रायफल कारखान्याने २ए आणि २ए१ ही मॉडेले काढली, तेव्हा वाढलेला दाब पेलावा म्हणून बॉडीसाठी अधिक मजबूत पोलाद घेतले. .३०३ च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, ७.६२ ला ती नसते. म्हणून काडतूस ओढणारा आकडा बदलला आणि बारा गोळ्यांचे नवे मॅगझिन आले. दिसायला जुनी रायफल, आतून बरीच नवी. पोलाद तेच ठेवून कोणी घरच्या घरी हा उद्योग केला तर पहिल्या गोळीला काही होणारही नाही. तेच अधिक वाईट, कारण माणूस निर्धास्त होतो.

बुडाचा व्यासही ध्यानात घ्यायला हवा. .२४३, .३०८ आणि .३०-०६ यांच्या पुंगळ्यांचे बूड सारखेच, सुमारे १२ मिमी. या तिघांना बोल्टचे एकच डोके चालते. .२२३ चे बूड ९.६ मिमी, बहुतेक मॅग्नम काडतुसांचे साडेतेराच्या आसपास, .३३८ लापुआचे जवळपास १५. लांबी निराळी, म्हणजे मॅगझिनही निराळे. .२२ चा तर मामलाच वेगळा: तिथे पिन बुडाच्या मध्यावर नव्हे, कडेवर आदळते. आणि बूड सारखे असले की सोय होते तसा धोकाही वाढतो. .३०० ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्या रायफलीत शिरू शकते, बोल्टही बंद होऊ शकतो. नळीपेक्षा जाड गोळी पुढे जायला वाट नसते आणि रायफल फुटते.

नावातला आकडा म्हणजे गोळीची जाडी, हाही असाच एक समज. .३०३ ची गोळी .३११ इंचाची असते आणि आपल्याकडच्या .३१५ ची .३२३ इंचाची, नावात धरलेला आकडा नळीतल्या उंचवट्यांमधल्या अंतराचा. या .३१५ ची कुळकथा मजेशीर आहे. ब्रिटिश राजवटीत लष्करी काडतुसे सामान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून .३०३ नाकारली गेली. मग ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिमी मॅनलिशर काडतुसावर बेतलेल्या शिकारी रायफली ली-एन्फिल्डच्याच धाटणीत बनल्या. इशापूरची .३१५ आजही त्याच वंशातली.

बोर कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे सरकारनेच ठरवायचे ही रीत तिथून चालत आली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात, म्हणून सुटी नळी हा भंगारातला पाइप ठरत नाही. कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणे, तिच्यात बदल करणे, दुरुस्त करणे, तिची चाचणी घेणे, या प्रत्येकाला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६ मध्ये एका प्रवर्गातील शस्त्र दुसऱ्या प्रवर्गात बदलण्यालाही आडकाठी आली आणि अशा गुन्ह्यांना किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप अशी शिक्षा झाली. परवान्यावर शस्त्राचा प्रकार आणि बोर लिहिलेला असतो, काडतुसेही त्याच बोरची मिळतात. दुसरी नळी चढवलीत की हातातली रायफल कागदावर नसलेली रायफल होते.

मग नळ्या बदलतात तरी कोण? बऱ्याचदा बोर न बदलता बदलतात. काही हजार गोळ्यांनंतर कोठीपुढचा भाग झिजतो, नेम विस्कटतो आणि त्याच बोरची नवी नळी बसवावी लागते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्य मिळवले, त्या ५० मीटर रायफलला नियमाने .२२ लाँग रायफल हेच काडतूस लागते. तिथे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिमीचे असते, म्हणून नेमबाज काडतुसांचा कोणता लॉट आपल्या नळीशी जुळतो हे आधी झाडून पाहतात. बोर बदलण्याची हौस त्यांना परवडणारीच नाही.

हे खेळाडूंचे झाले; आता शेतकऱ्यांसाठी डहाणू-तलासरीकडे या. रानशेतसारख्या गावात रानडुकरांनी भात तुडवला की बंदुकीचा विषय निघतो, आणि व्हिडिओतली रायफलही कोणीतरी काढतो. कायद्याने शेतीसंरक्षणासाठी जी वाट ठेवली आहे ती मुख्यतः ठासणीच्या बंदुकीची. परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून पालघरमधून. त्या बंदुकीला बोल्ट नाही, कोठी नाही, नळी बदलण्याचा प्रश्न नाही. आणि परवाना हातात आला तरी डुकरावर बार टाकायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची वेगळी परवानगी लागते.